ब्रेसेस की अलायनर? आधी स्वतःच्या सवयी बघा

दात सरळ करायला गेलो तेव्हा मला न दिसणारे अलायनरच हवे होते. डॉक्टरांनी एकच विचारलं, "दिवसातले २२ तास घालशील का?" जेवताना, चहा पिताना ते काढायचे, दात घासून पुन्हा लावायचे. आणि मी तर चष्मासुद्धा विसरतो! मग धातूच्या तारा घेतल्या. त्या दातांवर चिकटवलेल्या असतात, विसरायचा प्रश्नच नाही. दात बरेच वाकडे असले तरी चालतात, शिवाय सहसा स्वस्त पडतात. सिरॅमिकच्या कमी दिसतात, पण ठिसूळ असतात. चिक्की मात्र दोन्हींत बंद! आणि हो, काहीही निवडा, शेवटी रिटेनर लावला नाही तर दात परत सरकतात. त्यामुळे आरशात बघण्याआधी स्वतःच्या सवयी बघा.