डाग काळा, दात वाचला!

जबलपूरजवळच्या पनागरात काय किंवा पुण्यात काय, मुलाची दाढ ठणकू लागली की आईचा हात आधी लवंगेकडे जातो. दुखणे दबते, कीड थांबत नाही. ही कीड म्हणजे अळी नव्हे! स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, त्यात दातावरचे कवच विरघळते. लाळेतली खनिजे ते भरून काढतात. फ्लोराइड त्या भरपाईला वेग देते, जंतूंची आम्ल बनवण्याची ताकदही घटवते. मारत मात्र फारसे नाही. ते काम चांदीचे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडमध्ये दोन्ही असतात. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. ना ड्रिल, ना इंजेक्शन. फक्त किडलेला भाग काळा पडतो. दुधाची दाढ पुढे पडणारच, तिथे चालते. समोरच्या दाताला लावण्यापूर्वी आई दोनदा विचार करते.