जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

सौंसर तालुक्यातले रामाकोना हे माझे आजोळ. नागपूर-छिंदवाडा रेल्वेमार्गावरचे हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. राज्य मध्यप्रदेश असले तरी घरातली बोली मराठी आणि मोठी खरेदी नागपूरची. गेल्या दिवाळीत तेथे गेलो तेव्हा धाकट्या मामेभावाने मला दारातच गाठले. "दादा, माह्या कम्प्युटरले ग्राफिक्स कार्ड पाहिजे. चार जीबीचंच पाहिजे. बाबा सहा हजार देतो म्हणते."

संगणकशास्त्र शिकणारा भाचा म्हणून निवड माझ्यावर आली. मामाजींच्या दृष्टीने सहा हजार ही काही किरकोळ रक्कम नव्हे. संत्र्याचा बहार कसा येतो त्यावर घरातला प्रत्येक खर्च ठरतो. त्यामुळे चूक झाली तर ती माझ्या नावावर राहणार होती. आणि चूक झालीच. ती पुढे सांगतो.

संगणक म्हणजे कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, सडपातळ पेटीचा जुना नग. आत इंटेलचा आय-५ ३४७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. भावाला त्यावर ब्लेंडर नावाच्या मोफत प्रणालीत त्रिमितीय चित्रे करावयाची होती, पण तिची नवी आवृत्ती सुरूच होत नव्हती. यूट्यूबवरचे धडेही अडखळत चालत.

ग्राफिक्स कार्ड नेमके करते काय, हे आधी पाहू. संत्र्याच्या बागेतला जाणता माळी कोणत्या झाडाला पाणी तोडावे, कोणत्याला केव्हा द्यावे, हे ठरवतो. असे माळी चार असले तरी पुरेत. पण तोडणीला चार माणसे काय कामाची? तेथे शंभर-दोनशे हात लागतात आणि प्रत्येकाचे काम एकच, सोपे. प्रोसेसरचे चार गाभे म्हणजे ते माळी, आणि पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी काढणारे कार्डातले शेकडो छोटे गाभे म्हणजे तोडणीचे मजूर. आय-५ ३४७० मध्ये एचडी २५०० नावाची लहानशी चित्रव्यवस्था आहेच, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. ब्लेंडरच्या चौथ्या मालिकेला ओपनजीएल ४.३ लागते, विंडोजवर हिची धाव ४.० पर्यंतच. आणि यूट्यूब ज्या व्हीपी ९ पद्धतीने चित्रफिती पाठवते ती हिला उलगडता येत नाही. तो भार प्रोसेसरवर पडतो, म्हणून चित्र अडखळते. म्हणजे भावाची मागणी हौसेची नव्हती.

आता त्या 'चार जीबी'कडे येऊ. दुकानात हाच आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि बहुतेक गिऱ्हाईक त्यालाच भुलते. कार्डाची मेमरी म्हणजे गोदाम. गोदाम मोठे असून उपयोग काय, जर तेथवरची वाट चिखलाची पांदण असेल? बैलबंडी रुतून बसायची. मेमरीतून दर सेकंदाला किती माल ये-जा करू शकतो, हे गोदामाच्या आकारापेक्षा पुष्कळदा महत्त्वाचे ठरते.

एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड याचे उत्तम उदाहरण आहे. २०१७ मध्ये ते जीडीडीआर ५ मेमरीसह आले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीचे कार्ड निघाले, त्याचा वेग १७ जीबीच्याही आत. दोन्हींची मेमरी दोन जीबीच! खोक्यावरचे बारीक अक्षर न वाचणारा माणूस एक तृतीयांश वाटेचे कार्ड घेऊन घरी येतो. साध्या डीडीआर ३-१६०० रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या तरी २५.६ जीबी वेग मिळतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

यावरून मला आठवले आणि मी भावाची पेटी उघडली. आत रॅमची चार जीबीची एकच पट्टी. म्हणजे वेग निम्मा, १२.८ जीबी, शिवाय ब्लेंडरला निदान आठ जीबी रॅम लागते. तेव्हा पहिला खर्च कार्डाचा नव्हे, तशाच दुसऱ्या जुन्या पट्टीचा ठरला. भाऊ थोडा हिरमुसला.

त्यानंतर वीज. कार्डाला त्याच्या खाचेतून, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळू शकते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला वीजपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी तार जोडावी लागते. कार्यालयी संगणकात ती तार बहुधा नसतेच. आमच्या डब्यावर २४० वॅट लिहिले होते आणि एकटा प्रोसेसरच भर कामात ७७ वॅटपर्यंत जातो. डबाही नेहमीच्या मापाचा नसल्याने बदलणे कठीण.

हिशेब करून मी जीटीएक्स १०५० टीआय मनात धरले. २०१६ चे हे कार्ड चार जीबी मेमरीचे, ११२ जीबी वेगाचे, आणि बरोबर ७५ वॅटांत चालणारे. कागदावर सारे जुळले. नागपूरला जाऊन एक वापरलेले कार्ड पाच हजारांना घेतले, संध्याकाळी रामाकोन्याला आलो, पेटी उघडली, आणि कार्ड बसेना! कार्डाच्या टोकाची धातूची पट्टी बारा सेंटीमीटरची, पेटीला हवी आठ सेंटीमीटरची. लहान पट्टी मिळाली असती तरी पंख्यासकट ते कार्ड दोन खाचांची जागा खात होते आणि आमच्या लांब खाचेशेजारी वीजपुरवठ्याचा डबा अगदी खेटून होता. सगळे गणित मांडणाऱ्या मी फूटपट्टी मात्र लावली नव्हती. मामाजी काही बोलले नाहीत, फक्त "परत घेईल का तो?" एवढेच विचारले. घेतले, पण पाचशे रुपये कापून.

त्या फेरीत एक गोष्ट मात्र पाहून घेतली. काउंटरवर १०५० टीआय म्हणून एक कार्ड फारच स्वस्त पडले होते, त्याला जुन्या मॉनिटरची निळी पंधरा टाचण्यांची व्हीजीए जागा होती. या पिढीच्या एनव्हिडिया कार्डांतून व्हीजीएची सोय कंपनीने काढूनच टाकली होती. म्हणजे ते कार्ड दुसरेच. २०१० च्या जीटीएस ४५० सारख्या कार्डांत खोटे नाव भरून ती विकली जातात. जीपीयू-झेड ही मोफत प्रणाली २०१८ पासून अशा पुष्कळशा नकली एनव्हिडिया कार्डांच्या नावापुढे 'फेक' असे स्पष्ट दाखवते. वापरलेले कार्ड घेताना दुकानातच ती चालवून पाहावी. दुकानदार नाही म्हणाला तर उठावे.

आता उरलेल्या जागेत बसेल तेच कार्ड: आठ सेंटीमीटर पट्टीचे, एका खाचेचे. स्वस्तातले जीटी ७१० मी सरळ बाजूला सारले. त्यात गाभे १९२च, ते व्हीपी ९ उलगडत नाही आणि त्याच्या ड्रायव्हरची सुरक्षा-दुरुस्तीही २०२४ मध्ये थांबली. एएमडीचे २०२२ चे आरएक्स ६४०० एका खाचेचे आणि ५३ वॅटांचे मिळते, पण ते फक्त चार मार्गिकांनी बोलते. नव्या संगणकात त्या चार मार्गिका सेकंदाला सुमारे आठ जीबी वाहतात, आमच्या जुन्यात चारच. त्याची किंमतही आवाक्याबाहेर होती.

राहिले जीटी १०३०, अर्थात जीडीडीआर ५ चे. ३८४ गाभे, ३० वॅट वीज. व्हीपी ९ उलगडते, ब्लेंडरला हवे ते ओपनजीएलही आहे. त्याची उणीव सांगायलाच हवी: चित्रफीत तयार करून साठवण्याची यंत्रणा त्यात नाही. ते काम आम्ही प्रोसेसरमधल्या जुन्या एचडी २५०० कडेच ठेवले. शिवाय या पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील असे कंपनीने जाहीर केले आहे. त्याच महिन्यात विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. तेव्हा या यंत्रात अधिक पैसा घालणे मला पटले नसते.

कार्ड, रॅमची पट्टी आणि जुना मॉनिटर जोडायला एचडीएमआयचे व्हीजीए करणारा एक छोटा अडॅप्टर, एवढे सहा हजारांत बसले. कापलेले पाचशे मी माझ्या खिशातून भरले. ब्लेंडर सुरू झाले तेव्हा भावाने पहिली बनवली ती संत्र्याची फोड. दुसऱ्या दिवशी त्याने अख्खी बाग मांडायला घेतली आणि दोन जीबीचे गोदाम भरून संगणक अडकला. आता तो एकाच झाडाच्या प्रतिमा पुन्हा पुन्हा वापरून बाग कशी दाखवावी ते शिकतो आहे.