दहा पाट्यांची एक पाटी

वाकोला नाला मिठी नदीला मिळतो त्या परिसरात आज वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. तिथल्या काचेच्या इमारतींच्या गर्दीत नाबार्डचे मुख्यालय आहे. गावोगावच्या कर्जव्यवहाराची १९८२ साली स्थापन झालेली ही शिखर संस्था. ग्रामीण बँकांवर देखरेख ठेवण्याचे कामही तिचेच. वाकोला, कलिना ही एकेकाळी भातशेतीची गावे होती. खेड्यातल्या पतपुरवठ्याचे निर्णय आज अशा जागेवरून होतात जिथले खेडे पुसले गेले आहे. निव्वळ योगायोग म्हणून तो सोडून देता येईल. पण महाराष्ट्रातल्या ग्रामीण बँकांची पन्नास वर्षे पाहिली तर असे अंतर वाढत गेल्याचेच दिसते.

या बँका जन्मल्या त्या अंतर कमी करण्यासाठी. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५४ साली दाखवून दिले होते की शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के होता आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्ज सावकारांचे होते. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी शहरात तयार झालेला अधिकारी खेड्यात रमेना आणि त्याचा पगार लहान शाखेला पेलेना. नरसिंहम समितीने १९७५ मध्ये तोडगा सुचवला : बँक व्यापारी शिस्तीची, पण माणसे त्याच भागातली, पगार राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बरोबरीचे, आणि कर्ज फक्त लहान शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांना. भांडवलात केंद्राचे ५० टक्के, राज्याचे १५ आणि प्रायोजक बँकेचे ३५. सप्टेंबरमध्ये वटहुकूम निघाला आणि २ ऑक्टोबरला देशात पहिल्या पाच बँका उघडल्याही. प्रत्येकीचे भरणा झालेले भांडवल होते पंचवीस लाख रुपये.

महाराष्ट्रात सुरुवात झाली १९७६ मध्ये, नांदेडच्या मराठवाडा ग्रामीण बँकेने. पुढे एकूण दहा बँका झाल्या. औरंगाबाद-जालना, ठाणे, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, भंडारा, चंद्रपूर-गडचिरोली, सोलापूर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ही बाकीच्या नऊ जणींची नावे. यादी नकाशावर मांडून पाहावी. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, पुणे यांच्या नावाची बँक त्यात नाही. जिथे साखर कारखाना आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांची घट्ट सांगड होती, तिथे सरकारला तिसरी पेढी काढावीशी वाटली नाही. सहकाराचा नकाशा जिथे फिका पडतो, तिथे ग्रामीण बँकांचा गडद होतो. राज्यातल्या प्रादेशिक असमतोलावर अहवाल पुष्कळ झाले. माझ्या मते ही दहा नावे त्यांतल्या कित्येकांपेक्षा जास्त सांगतात.

मूळ रचनेला मात्र पहिल्या दिवसापासून तडा होता. गरिबांनाच, तेही स्वस्तात कर्ज द्यायचे आणि तोटाही होऊ द्यायचा नाही, हे गणित कर्मचाऱ्यांच्या कमी पगारावर तोललेले होते. समान कामाला असमान पगार का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. न्यायमूर्ती ओबुल रेड्डी यांच्या लवादाने १९९० मध्ये प्रायोजक बँकेइतके वेतन मान्य केले आणि तो टेकू निघाला. मग इतर ग्राहकांना कर्ज देण्याची मुभा आली, सरकारने नव्याने भांडवल ओतले, आणि व्यास समितीनंतर २००५ पासून विलीनीकरणे सुरू झाली.

विलीनीकरणाची पहिली कसोटी भूगोल नव्हती, प्रायोजक होता. ठाणे ग्रामीण बँक औरंगाबाद-जालन्याला जोडली गेली, कारण दोघींच्या मागे बँक ऑफ महाराष्ट्र होती. जव्हार-मोखाड्याची वरई आणि जालन्याचा कापूस एका ताळेबंदात आले. बँक ऑफ इंडियाच्या बाजूला वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक झाली. वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला जाते, कृष्णेला नाही. जे नद्यांना जमले नाही ते बँकेने करून दाखवले. २०१३ मध्ये तिचीच विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली, मुख्यालय नागपूर. १ मे २०२५ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आता राज्याला एकच ग्रामीण बँक आहे : मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र.

यात फायदा नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. संगणक प्रणाली, सायबर सुरक्षा, मोबाइल बँकिंग हे खर्च पंचवीस लाखांच्या पेढीला झेपणारे नव्हेत. वाकोल्यात राहणाऱ्या कोकणी माणसाला गावाकडच्या ग्रामीण बँकेतल्या आईच्या खात्यावर आज क्षणात पैसे टाकता येतात. पूर्वी मनीऑर्डरसाठी पोस्टमनची वाट पाहावी लागे.

पण कर्जाची गोष्ट वेगळी. बटाईने शेत कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. बचत गटातल्या बाईकडे गहाण ठेवायला काही नसते. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला घेतले, तेव्हा तारण होते ते गटाचे इतिवृत्त, नियमित बचत आणि बायकांनी एकमेकींसाठी दिलेला शब्द. तो शब्द किती वजनाचा, हे शाखेत बसलेल्या, त्याच तालुक्यातल्या माणसाला कळत असे. संगणकाला परतफेडीचा इतिहास कळतो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा इतिहास त्याच्याकडे कुठून असणार? एकूण कर्जाच्या ७५ टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला देण्याचे बंधन या बँकांवर आजही आहे, पण सोने गहाण ठेवून उचललेले पीककर्जही त्यात बसते. टक्का भरतो, नवा कर्जदार आला की नाही हे त्यातून समजत नाही.

दहा बँकांना दहा संचालक मंडळे होती. आता मंडळ एक. अध्यक्ष प्रायोजक बँक नेमते. रिझर्व्ह बँक, नाबार्ड, प्रायोजक बँक आणि राज्य सरकार यांचे अधिकारी त्यात बसतात, आणि केंद्राने नेमायच्या बिगरसरकारी संचालकांच्या जागा दोन आहेत. दोडामार्गपासून सिरोंचापर्यंतच्या गावांसाठी, दोन.