टॅब स्लो झालाय? मेमरी कार्ड घ्यायच्या आधी हे वाचा



गिऱ्हाईक काउंटरवर उभं, त्याच्या मागे अजून दोघं, आणि टॅबवर बिलिंगचं अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरतंय. ओळखीचं वाटतंय ना? स्वस्तातला टॅब पहिले काही महिने मस्त चालतो, मग हे सुरू होतं. आणि कोणीतरी सल्ला देतो, "मेमरी कार्ड टाक, फास्ट होईल."

होत नाही. हे आधी नीट समजून घ्या, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

दुकानाच्या भाषेत सांगतो. रॅम म्हणजे तुमचं काउंटर. टॅबचं स्वतःचं स्टोरेज म्हणजे दुकानामागचं गोडाऊन. मेमरी कार्ड म्हणजे गल्लीपलीकडे घेतलेली जादा खोली. खोली घेतली म्हणून काउंटर मोठं होत नाही. पण गोडाऊन दारापर्यंत भरलेलं असेल, तर त्यातला अडगळीचा माल खोलीत हलवून तुम्हाला हालचालीला जागा मिळते. कार्डाचा उपयोग एवढाच आणि तो मोठा आहे. कारण या प्रकारच्या स्टोरेजमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवीन लिहिता येत नाही. आधी जागा पुसावी लागते, तीही मोठ्या गठ्ठ्याने. जागा शिल्लकच नसेल तर प्रत्येक बिल सेव्ह करताना टॅबला आधी आवराआवर करावी लागते. तेच ते गोल गोल फिरणं. म्हणून माझा हिशोब साधा आहे : टॅबच्या स्टोरेजमधली साधारण २० टक्के जागा कायम मोकळी ठेवायची.

आता सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडा. बहुतेकांच्या टॅबमध्ये गुन्हेगार एकच निघतो, व्हॉट्सअ‍ॅप. सप्लायरने पाठवलेले साड्यांचे दीडशे फोटो, गुड मॉर्निंग, लग्नाचे व्हिडिओ, सगळं आपोआप उतरतंय. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. नको ते डिलीट करा, हवे ते फोटो फाइल मॅनेजरमधून कार्डावर हलवा. फक्त लक्षात ठेवा, हलवलेला फोटो मग चॅटमधून उघडणार नाही, कार्डावरच्या फोल्डरमधून बघावा लागेल.

कार्ड कोणतं घ्यायचं? कार्डावर बारीक अक्षरात खुणा असतात. इंग्रजी सी अक्षरात १० म्हणजे क्लास १०, सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याचा वेग. यू अक्षरात १ असेल तरी तोच वेग, यूमध्ये ३ असेल तर ३० एमबी. हा वेग मोठी फाइल सलग लिहिण्याचा आहे, म्हणजे व्हिडिओ शूटिंगवाल्यांच्या कामाचा. आपल्याला बघायचंय 'ए१' ही खूण. ए१ कार्ड सेकंदाला किमान १५०० वेळा वाचू आणि ५०० वेळा लिहू शकतं, आणि टॅबचं काम असंच असतं, छोट्या छोट्या फाइल्सचं. ए२ कागदावर भारी आहे, पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला टॅबनेही साथ द्यावी लागते. स्वस्त टॅबसाठी जास्त पैसे मोजू नका. पाकिटावर ठळक छापलेला १०० एमबीचा आकडा बहुधा वाचण्याचा कमाल वेग असतो, त्याला भुलू नका. ६४ जीबीचं ए१ कार्ड दुकानाला पुष्कळ झालं. टॅबच्या खोक्यावर किती जीबीपर्यंत कार्ड चालतं, तेवढं आधी बघून घ्या.

आणि तीनचारशे रुपयांत १ टीबी कोणी देत असेल तर हात जोडा आणि पुढे चला. नकली कार्ड टॅबला खोटी क्षमता सांगतं. खरी जागा संपेपर्यंत सगळं ठीक चालतं. त्यानंतर फाइलचं नाव दिसतं, पण आत काही नसतं, किंवा जुन्या फाइलवर नवीन चढते. टॅब एक शब्द बोलत नाही. खरेदीची बिलं शोधायला जाल तेव्हा कळेल! म्हणून नवं कार्ड रिकामं असतानाच, परत करण्याची मुदत संपायच्या आत, विंडोज कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने तपासा. ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, चहा घेऊन या. (६४ जीबीचं कार्ड विंडोजवर ५९ च्या आसपास दिसतं. ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.)

कार्ड टाकल्यावर काही टॅब विचारतात : पोर्टेबल ठेवू की टॅबचं स्टोरेज म्हणून वापरू? पोर्टेबलच निवडा. दुसरा पर्याय घेतला तर कार्ड फॉरमॅट होऊन त्या एकाच टॅबशी बांधलं जातं, आणि कार्ड बिघडलं की त्यावरची अ‍ॅप्स डेटासकट गेली. बिलिंगचं अ‍ॅप आणि उधारीची वही टॅबच्या आतच राहू द्या. त्यांचा बॅकअप रोज रात्री गुगल ड्राइव्हवर. टॅबच्याच पोटातल्या कार्डावर घेतलेला बॅकअप टॅब चोरीला गेला की सोबतच जातो.

बाकी किरकोळ उपाय. न वापरलेली अ‍ॅप्स काढा, आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये अ‍ॅनिमेशन ०.५ केलं की टॅब चपळ वाटतो, वाटतो एवढंच. क्लीनर आणि बूस्टर अ‍ॅप्स मात्र अजिबात नकोत, जाहिराती दाखवून तीच रॅम खातात.

एवढं करूनही २ जीबी रॅमचा टॅब रडत असेल तर त्याचं वय झालं. पुढचा घेताना किमान ४ जीबी रॅम बघा, कारण कार्ड नंतर टाकता येतं, रॅम नाही. जुना मोडीत काढू नका. बॅकअप घ्या, कार्ड बाहेर काढा, टॅब रीसेट करा, कार्ड परत टाका आणि गिऱ्हाईकाला मालाचे फोटो दाखवायला काउंटरवर ठेवा. त्या कामाला तो अजून दोन वर्षं सहज चालेल.