दोन निषादांचा प्रश्न

“टीचर, इथे नी चुकलाय.”

दादरच्या माझ्या पियानोच्या क्लासात बारा वर्षांची एक मुलगी ‘गॉड रेस्ट यू मेरी, जेंटलमेन’ हे नाताळचं कॅरल वाजवताना दरवेळी एकाच जागी अडायची. घरी आजी रोज रियाजाला बसते, त्यामुळे कान पक्का. या चालीत ग, ध, नी कोमल, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचेच स्वर. खालच्या कोमल निषादावरून चाल पायरी-पायरीने चढते आणि पंचमावर थांबते. त्या पंचमाखाली डाव्या हाताला मी पुस्तकातलाच कॉर्ड दिला होता आणि त्यात शुद्ध निषाद होता. पाच सुरांपूर्वी कोमल, आता शुद्ध. ती तिथे हात उचलायची.

पुस्तक चुकलं नव्हतं. पाश्चात्त्य हार्मनीत शुद्ध निषाद षड्जाकडे ओढ लावतो, म्हणून तो तिथे घालतात. पण तिच्या कानाला तो परका होता आणि वाजवायचं तिलाच होतं. दोन दिवस मी बरंच काही करून पाहिलं. शेवटी कॉर्डमधला निषादच काढला. उरले पंचम आणि त्याच्या वरचा रिषभ, तंबोऱ्यासारखे मोकळे. मुलगी न थांबता पुढे गेली. माझ्या मते ती जागा आता छापील पुस्तकापेक्षा सरस वाजते.

तिसरी ते पाचवी ग्रेडच्या मुलांसाठी कॅरल लिहिणं हे असं कान आणि हात बघून करायचं काम आहे. धोबीतलावच्या फुर्टाडोजमधून आणलेल्या पुस्तकांत बहुतेक कॅरल चार आवाजांच्या मांडणीत असतात. चार माणसांनी गायचं ते दहा बोटांवर येतं आणि लहान हाताला टेनरचा सूर गाठता येत नाही. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ तर मुळातच भारदस्त. मेंडेल्सोननं ती चाल १८४० साली लाइपझिगमध्ये, गुटेनबर्गच्या मुद्रणकलेच्या उत्सवासाठी, पुरुषांचे आवाज आणि ब्रास वाद्यांकरता रचली. तिथे मी टेनर सरळ गाळते. शिवाय दादर-परळच्या घरांत पियानो क्वचितच. मुलं पाच सप्तकांच्या कीबोर्डवर सराव करतात आणि त्याला बहुधा पेडलही नसतं. पेडलवाचून सुना वाटेल असा डावा हात लिहायचा नाही, हा माझा नियम.

‘सायलेंट नाइट’ची गोष्ट वेगळी. २४ डिसेंबर १८१८ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ते पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा साथीला गिटार होती. म्हणून मी डाव्या हातात एकेक सूर सुटा छेडत ठेवते. पण तबला शिकणारा एक मुलगा चौथ्या ठोक्यावर पहिल्याइतकाच जोर द्यायचा आणि अंगाईचं पार संचलन व्हायचं. मी म्हटलं, “दादरा धर. चौथी मात्रा खाली.” त्यानं मनात ‘धा धी ना, धा ती ना’ म्हटलं आणि डावा हात झुलू लागला. आता त्या पानावर चौथ्या ठोक्याखाली मी खालीचं शून्य काढते.

गिरगावातले एक आजोबा, भजनी मंडळात पेटी वाजवणारे, नातीला न्यायला आले होते. ‘जॉय टु द वर्ल्ड’ची पहिली ओळ ऐकून म्हणाले, “अहो, हा तर बिलावलचा अवरोह! तार षड्जापासून थेट खाली. याच्याखाली एवढी गर्दी कशाला?” मला पटलं. त्या ओळीचा डावा हात मी रिकामाच ठेवला. अवरोह एकटा उतरतो आणि शेवटच्या षड्जावर दोन्ही हात भेटतात.

याच मुंबईत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरनी हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. चाल इथल्या कानाची, लिपी पाश्चात्त्य. माझं काम त्याच वाटेवरचं, फार छोटं. त्यांच्यापुढे वादक पट्टीचे असत, माझ्यापुढे शाळेतून दमून आलेलं मूल असतं. म्हणून पालकांना एक विनंती आहे. एखादा कॉर्ड मुलाच्या हाताला पोहोचत नसेल किंवा कानाला टोचत असेल, तर त्याला रागावू नका. पान घेऊन शिक्षकांकडे या. फक्त नोव्हेंबरातच या, म्हणजे बदललेलं पान हातात बसायला नाताळपर्यंत वेळ मिळतो.