ट्रॉनची लाइट सायकल आपल्या वर्कशॉपमध्ये बनेल का? सिनेमातल्या बाईकमागचं खरं गणित

गेल्या उन्हाळ्यात आरमोरीहून माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याचं ग्रिल-गेट बनवायचं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. वेल्डिंगचा हात इतका साफ की जोड शोधावा लागतो. त्याने 'ट्रॉन: लेगसी'मधल्या चमकणाऱ्या बाईकचा व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, "दादा, हे आपल्याकडे जमते का? पाइप मी वाकवतो, मोटर-बॅटरीचं तू पाहा. दिवाळीले गडचिरोलीपर्यंत चालवत नेऊ."

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, पण डिग्रीच्या शेवटच्या वर्षी चंद्रपूरला असताना आम्ही चौघांनी हाच उद्योग केला होता. त्याचा शेवट एका मित्राच्या मनगटाच्या फ्रॅक्चरमध्ये झाला. म्हणून त्याला लगेच 'हो' म्हणालो नाही आणि 'नाही'ही म्हणालो नाही. त्याला जे समजावून सांगितलं, तेच इथे लिहितोय. असा व्हिडिओ बघून ग्राइंडर हातात घेणारे बरेच जण असणार.

आधी कोणी बनवल्यात का?

बनवल्यात, आणि चालवल्याही आहेत. तीन उदाहरणं बघू.

पहिलं उदाहरण 'द डार्क नाइट' (२००८) मधल्या बॅटपॉडचं. ही बाईक कॉम्प्युटरवर काढलेली नव्हती. नेथन क्रॉली यांचं डिझाइन आणि ख्रिस कॉर्बोल्ड यांच्या टीमची बांधणी. शूटिंगसाठी अशा सहा बाईक तयार केल्या होत्या. चालवणारा पोटावर झोपतो, टायर प्रचंड रुंद. गंमत म्हणजे ती सांभाळणं इतकं अवघड होतं की स्टंट करायला जाँ-पियेर ग्वा या फ्रेंच रायडरलाच बसवावं लागलं. म्हणजे जगातल्या उत्तम कारागिरांनी बनवलेली बाईकसुद्धा चालवायला खास माणूस लागला.

दुसरं, ट्रॉनची लाइट सायकल. १९८२ च्या मूळ सिनेमातली सिड मीड यांनी डिझाइन केली होती, २०१० च्या 'लेगसी'मधली डॅनियल सायमन यांनी. पडद्यावरची ती धावपळ कॉम्प्युटरची. पण फ्लोरिडातल्या पार्कर ब्रदर्स चॉपर्स या वर्कशॉपने तिच्या चालणाऱ्या प्रतिकृती बनवल्या, आधी पेट्रोल इंजिनवर आणि मग इलेक्ट्रिक. त्यातली एक २०१५ मध्ये अमेरिकेत लिलावात ७७ हजार डॉलरला गेली.

तिसरं, 'अकिरा' (१९८८) या जपानी अ‍ॅनिमेशनपटातली कानेदाची लाल बाईक. मासाशी तेशिमा या जपानी चाहत्याने तिची चालणारी प्रतिकृती केली. त्याला सात वर्षं लागली.

थोडक्यात, काम अशक्य नाही. पण या बाईक का महाग पडतात आणि का अवघड जातात, ते बघितल्याशिवाय पाइप कापायचा नाही.

आम्ही कुठे चुकलो: पुढच्या चाकाचा कोन

सिनेमातल्या जवळपास प्रत्येक बाईकचं पुढचं चाक लांब, पुढे फेकलेलं असतं. दिसायला झकास. आम्हीही एका जुन्या १०० सीसी बाईकची हँडलची नळी कापली, ४५ अंशाच्या आसपास तिरपी केली आणि परत वेल्ड केली. ग्राउंडवर ढकलत नेली तेव्हाच हँडल आपोआप एका बाजूला पडत होतं. आम्ही म्हटलं, 'स्पीड घेतल्यावर होईल नीट.' पहिल्याच वळणावर हँडल आत पडलं आणि मित्रही पडला.

कारण साधं आहे. हँडलची तिरपी रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती एका बिंदूला टेकते. चाक जमिनीला टेकतं तो बिंदू त्याच्या थोडा मागे असतो. या दोघांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ढकलगाडीचं छोटं चाक कसं आपोआप मागे फिरून सरळ होतं? तेच काम बाईकमध्ये ट्रेल करतो. तो असतो म्हणून बाईक सरळ राहते.

आता गणित करू. चाकाची त्रिज्या ३०० मिमी धरा. शॉकअप हँडलच्या रेषेपासून ५० मिमी पुढे आहेत असं माना. कोन २६ अंश असेल, जो रोजच्या वापराच्या बाईकमध्ये साधारण असतो, तर ट्रेल येतो सुमारे ९१ मिमी. बाकी काही न बदलता फक्त कोन ४५ अंश केला तर ट्रेल होतो सुमारे २२९ मिमी. अडीच पट!

जास्त ट्रेल म्हणजे जास्त स्थिर बाईक, मग चांगलंच की? सरळ हायवेवर, हो. पण हँडल थोडं वळवलं की बाईकचा पुढचा भाग किंचित खाली उतरतो, आणि बाईकचं वजनच हँडलला आणखी वळवायला लागतं. हा 'पडण्याचा' जोर ट्रेल आणि कोन दोघांवर अवलंबून असतो. वरच्या आकड्यांत तो तिपटीहून जास्त वाढतो. कमी वेगात मनगटाने तो आवरता येत नाही. आमच्या मित्राचं नेमकं तेच झालं.

वळायला जागा किती लागते?

दुसरा हिशोब लांबीचा. स्प्लेंडरसारख्या बाईकच्या दोन चाकांमधलं अंतर १.२४ मीटरच्या आसपास असतं. हँडल २५ अंश वळवलं तर वळणाची त्रिज्या येते साधारण २.७ मीटर. लाइट सायकलसारखी प्रतिकृती २.४ मीटर धरा. चाक बॉडीने झाकलेलं, त्यामुळे हँडल जेमतेम १० अंश वळतं असं समजा. त्रिज्या येते १३.६ मीटर. म्हणजे यू-टर्नला २७ मीटर रुंद मैदान हवं. आपल्याकडे जंगलातून गावात जाणारा एकेरी डांबरी रस्ता असतो ३.७५ मीटरचा. समोरून बस आली किंवा नीलगाय आडवी आली तर ही बाईक ना वळणार, ना बाजूला होणार.

त्यात बॉडी जमिनीला चिकटलेली. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकरची उंची १० सेंटिमीटर असावी लागते. गावच्या चौकातले किती असतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

मधोमध रिकामं चाक

ट्रॉनच्या चाकाला हब नाही, स्पोक नाहीत, मधून आरपार दिसतं. असं चाक खरंच बनतं. फिनलंडच्या व्हर्ज कंपनीच्या इलेक्ट्रिक बाईकचं मागचं चाक असंच आहे, मोटर थेट त्या रिंगमध्ये बसवलेली.

पण साध्या चाकात एका बोटाएवढ्या अ‍ॅक्सलवर दोन छोटी बेअरिंग असतात. आपल्या गल्लीत मिळतात, खराब झाली तर अर्ध्या तासात बदलतात. हबलेस चाकात चाकाएवढ्याच घेराचं बेअरिंग लागतं. रिंग थोडीही अंडाकृती झाली, की चाक जाम. आणि धूळ? चंद्रपूरची कोळशाची, सुरजागडच्या रस्त्याची लोहखनिजाची. सील नीट नसेल तर तो बुकटा बेअरिंगमध्ये जाऊन कानशीचं काम करतो. म्हणून भावाला स्पष्ट सांगितलं, हबलेस चाक घरी करायचं नाही. साधं चाक ठेव, वरून काळी डिस्क लाव आणि कडेला एलईडी पट्टी. अंधारात फरक कळत नाही.

बॅटरी आणि आपला मे महिना

हिशोब सोपा आहे. ७२ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर-अवर म्हणजे २.८८ युनिट वीज. जड आणि रुंद टायरच्या बाईकला किलोमीटरला ६० वॉट-अवर धरले तर ४८ किलोमीटर. कागदावर पुरेसं.

खरी अडचण तापमानाची. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात सावलीतलाच पारा ४६-४७ ला टेकतो. म्हणजे चार्जर लावायच्या आधीच आपण मर्यादेबाहेर! वर फायबरची बंद बॉडी, हवा जायला वाट नाही. इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्यानंतर सरकारने एआयएस-१५६ या मानकात बॅटरीचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. घरी सुटे सेल जोडून पॅक बनवायच्या भानगडीत पडू नका. या मानकाला उतरलेला, बीएमएससकट तयार पॅक घ्या, बॉडीला हवेची वाट ठेवा आणि उन्हाळ्यात पहाटे चार्ज करा.

आरटीओ काय म्हणतं?

इथे भावाचा सगळ्यात जास्त हिरमोड झाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत जी माहिती आहे आणि कंपनीने मुळात जे बनवलं, त्यापेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो, हे वेगळंच.

मग नवीच बाईक म्हणून पास करून घ्यायची? त्यासाठी पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, बॅटरी, सगळ्यांच्या चाचण्या. तो खर्च कंपनीला परवडतो, एका बाईकसाठी नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण आठवा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, बाईकसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि तेव्हाच सांगितलं की ती नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. पुढच्या महिन्यात लोहारांना बदल्यात नवी बोलेरो मिळाली. कौतुक झालं ते कारागिरीचं. रस्त्यावर चालवायची परवानगी त्यातून मिळाली नाही.

आणि एक गोष्ट, जी विसरायची नाही

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगी गाव आहे. तिथल्या २४ वर्षांच्या एका वेल्डरने मारुती ८०० चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रात्री चाचणी घेताना मागचं पातं तुटलं, ते मुख्य पात्यावर आदळलं, आणि त्याच्या डोक्याला मार लागून तो गेला. हुशारीत काही कमी नव्हतं. त्याच्या आणि फिरणाऱ्या पात्याच्या मध्ये एखादी भिंत किंवा जाळी हवी होती, आणि 'आज नको' म्हणणारा कोणीतरी हवा होता. मला आमचं ग्राउंड आठवलं. आमच्यातही 'आज नको' म्हणणारा कोणी नव्हता. आमचं मनगटावर निभावलं, हे नशीब.

म्हणून चाचणीचे चार नियम:

१. हँडलची नळी, शॉकअप, स्विंग आर्म आणि ब्रेक कंपनीचेच. तिथे ग्राइंडर लावायचा नाही. सगळी कलाकारी बॉडीत.
२. पहिली चाचणी मागचं चाक उचलून, स्टँडवर. माणूस वर बसलेला नको, चाकाच्या रेषेत कोणी उभं नको.
३. करंट तोडणारा स्विच दोरीने मनगटाला बांधलेला. माणूस पडला की मोटर बंद.
४. मग बंद मैदान, दिवसा, हेल्मेट-ग्लोव्हजसकट, आधी पायी चालण्याच्या वेगाने. प्रत्येक वेळी थांबून नट-बोल्ट आणि वेल्ड बघायचे.

विद्यार्थी असाल तर आणखी चांगला रस्ता आहे. एसएई इंडियाच्या बाहासारख्या स्पर्धांत कॉलेजची मुलं स्वतः गाडी बनवतात आणि तपासणीत पास झाल्यावरच ती ट्रॅकवर जाते. तिथे 'आज नको' म्हणायला परीक्षक असतात.

भावाने दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी फोटो आला. प्लायवूडवर लाइट सायकलची बाह्यरेषा कापलेली, आत जुन्या बाईकची न कापलेली चेसिस. खाली लिहिलं होतं, "गडचिरोली कॅन्सल. गणपतीच्या देखाव्यात ठेवू, मैदानात फिरवू. कंट्रोलरचं वायरिंग करायले तू कधी येतेस?"

पुढच्या शनिवारी जातोय. मनगटाला बांधायचा स्विच मी आधीच घेऊन ठेवलाय.