हलव्याचे दागिने

हलव्याचे दागिने : तीळ, खसखस इ. बियांवर साखरेच्या पाकाची पुटे चढवून तयार केलेल्या पांढऱ्या, काटेरी दाण्यांचे अलंकार. मकरसंक्रांत (बहुधा १४ किंवा १५ जानेवारी) ते रथसप्तमी या काळात नवविवाहितेच्या पहिल्या संक्रांतीला आणि लहान मुलाच्या बोरन्हाणाला ते घालण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. खाद्यपदार्थ, अलंकार व भेटवस्तू अशी तिन्ही रूपे त्यांत एकत्र आलेली आहेत. साखर व तीळ यांपलीकडे या दागिन्यात मोलाचे द्रव्य नसते. दुसऱ्याच्या आनंदासाठी कोणीतरी विस्तवापाशी बसून घालविलेला वेळ हेच त्याचे खरे मूल्य होय.

‘हलवा’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ गोड पदार्थ असा आहे. सतत हलवीत राहून करावयाचा म्हणून हलवा, अशी व्युत्पत्ती घरोघरी सांगितली जाते. ती भाषाशास्त्रदृष्ट्या ग्राह्य नसली, तरी कृतीचे वर्णन म्हणून नेमकी आहे. गाजर, दुधी इत्यादींच्या हलव्याशी या पदार्थाचा नावापलीकडे संबंध नाही. त्याचप्रमाणे होळी-पाडव्याला मुलांच्या गळ्यात घालतात त्या साखरेच्या गाठीही वेगळ्या : गाठी पाक साच्यात ओतून पाडतात, तर हलव्याचा दाणा बीजावर थराथराने वाढवावा लागतो.

हलव्यासाठी निवडून स्वच्छ केलेले पांढरे तीळ घेतात. खसखस, साबुदाणा, बडीशेप, भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे, लवंगा यांचाही हलवा करतात व त्यामुळे दाण्यांचे लहानमोठे आकार मिळतात. साखरेत तिच्या निम्म्याच्या सुमारास पाणी घालून पाक करतात. उकळताना थोडे दूध घातले म्हणजे मळी वर येते, ती काढून टाकली की पाक स्वच्छ व पांढरा राहतो. पाक फार घट्ट नसावा, एकतारीच्या आतबाहेर असावा. शेगडीवर राख धरलेल्या निखाऱ्यांची मंद धग ठेवून तीवर कल्हईची परात ठेवीत. आता गॅसवर तवा ठेवून त्यावर परात ठेवतात. परातीतील कोमट तिळांवर चमचाभर पाक सोडून बोटांच्या अग्रांनी ते हलक्या हाताने फिरवीत राहतात. पाक सुकून दाणे मोकळे झाले की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी तीळ केवळ पांढरे होतात. काटा दिसू लागतो तो बहुधा दुसऱ्या दिवसापासून, आणि भरदार काट्याच्या हलव्यास तीन-चार दिवस, रोज काही तास बसावे लागते.

या कृतीत घाई चालत नाही. धग वाढली तर साखर पिवळसर होते व आलेला काटा वितळतो. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांस चिकटून गोळा होतो. हात जड असला तर काटे मोडून दाणा गुळगुळीत होतो. हवा दमट असल्यास पाक लवकर सुकत नाही, म्हणून थंड व कोरड्या हवेच्या दिवसांत, विशेषतः पहाटे, हलवा करण्याचा प्रघात पडला. काटा फुलण्याचे कारण साखरेच्या स्फटिकीभवनात आहे. दाण्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे तापलेल्या परातीस व पाकास आधी लागतात, तेथे पाक आधी सुकतो, आणि प्रत्येक पुटागणिक ते उंचवटे अधिकच वाढतात. जपानमधील ‘कोम्पेइतो’ ही काटेरी मिठाई याच तत्त्वावर होते. ती पोर्तुगीजांमार्फत तेथे पोहोचली. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या मिशनऱ्याने ती ओदा नोबुनागास भेट दिल्याची नोंद आहे. पूर्वी तिच्याही पोटात खसखस वा तीळ असे. आज कारखान्यात फिरत्या तिरप्या कढईत ती तयार होण्यास सु. दोन आठवडे लागतात. तिच्या काट्यांच्या वाढीविषयी तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकीविज्ञांनी लेखन केले आहे. घरातील परातीपुढे तीन दिवस म्हणजे अतिरेक, असे वाटणाऱ्यांनी ही तुलना लक्षात घ्यावी.

दागिने गुंफताना दाण्यास भोक पाडीत नाहीत. पाडल्यास तो फुटतो. दोऱ्याच्या दोन पदरांत दाणा धरून दोहो बाजूंस गाठ मारतात. काट्यांमुळे दोरा निसटत नाही. अशा सरांपासून मंगळसूत्र, हार, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, बिंदी, नथ व कंबरपट्टा करतात. जावयासाठी हार व हलव्याने मढविलेला नारळ असतो. मुलासाठी मुकुट, मनगट्या आणि बासरी करून त्याला बाळकृष्णाप्रमाणे सजवितात. काळ्या चंद्रकळेवर वा काळ्या झबल्यावर हे पांढरे दाणे उठून दिसतात. एरवी शुभकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग या सणास चालतो. तो उष्णता शोषून घेतो, असे त्याचे समर्थन करतात. बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा इ. ओततात व जमलेली मुले ते लुटतात.

हे काम सहसा एकटीने होत नसे. सुनेची तिळवण किंवा नातवाचे बोरन्हाण ठरले की शेजारणी व मैत्रिणी आपापल्या घरी थोडा थोडा हलवा करीत आणि दुपारी एकत्र बसून गुंफीत. जिचा काटा चांगला, तिला आळीत बोलावणे असे. करणारी आणि लेणारी मात्र एकच असेल असे नाही : ज्या हळदीकुंकवात हे अलंकार मिरविले जात, त्यात विधवांना स्थान नसे. या प्रथेचे कौतुक करणाऱ्या लेखनात ही बाब क्वचितच येते.

आता हलवा बहुतांशी यंत्रावर होतो व पुण्याची तुळशीबाग, मुंबईचे दादर इ. बाजारपेठांत तयार दागिन्यांचे संच मिळतात. अनेक स्त्रियांना त्यातून हंगामी उत्पन्न मिळते आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांतही हे संच जातात. वेळेअभावी विकतचा हलवा आणून घरी फक्त गुंफण्याचा मध्यममार्गही रूढ झाला आहे. पुठ्ठ्यावर गोंदाने दाणे चिकटविलेले, मणी व चमकी लावलेले दागिने दिसण्यास देखणे असले, तरी ते खाता येत नाहीत, आणि तेथे या अलंकाराचे अर्धे प्रयोजन संपते. दोऱ्याने गुंफलेला हार समारंभानंतर सोडवून दाणे तिळगूळ म्हणून वाटता येतात. काही घरांत मात्र तो घट्ट झाकणाच्या डब्यात जपून ठेवतात. पावसाळ्यात ओल लागली की काटे विरघळू लागतात व दोरा पिवळा पडतो.